स्क्रूच्या डबीतली गोळी

बायको गेल्यापासून घड्याळजींना ती दुपारच्या डुलकीत भेटायची. दुकानाच्या पायरीवर बसून टिकटिक ऐकायची. क्षयाची औषधं सुरू झाली आणि स्वप्नं बंद पडली. डॉक्टरीणबाईंकडे त्यांनी स्वप्नांचीच तक्रार केली. बोटांना येणाऱ्या मुंग्यांचं जाता जाता बोलले. “सोबतची लहान गोळी घेताय ना?” बाईंनी विचारलं. घड्याळजी ओशाळले. जीवनसत्त्वं म्हणजे नुसते चोचले, असं म्हणून ती गोळी ते स्क्रूच्या डबीत टाकत होते. “अहो, क्षयाचं औषध अंगातलं बी-सिक्स पळवतं, ते भरून काढायला ती गोळी. त्याच्याविना अमिनो आम्लांपासून मेंदूची रसायनं कशी बनणार?” घड्याळजी निमूटपणे गोळी घेऊ लागले. मुंग्या ओसरत गेल्या. एका दुपारी सगळी घड्याळं पाण्याखालून वाजल्यासारखी वाजू लागली. पायरीवर ती बसली होती, दमलेली. तिने मूठ उघडली. आत डबीतल्या साऱ्या गोळ्या होत्या. “मेल्यावरही मीच तुमच्यामागे औषध घेऊन फिरायचं का?”