पायाळूची लाथ

आप्पा सकाळीच फरशीवर पालथे पडले आणि जमेल तितक्या खऱ्या आवाजात कण्हले.

"अगं, उसण भरली."

पलंगावर राहीबाई बसल्या होत्या. सोसायटीच्या गेटाशी पाय घसरून मोडलेला त्यांचा डावा घोटा प्लास्टरमधून कधीच मोकळा झाला होता, तरी पाय अजून उशीवर देवासारखा बसवलेला. व्यायाम शिकवायला येणारी सुनयना काल त्यांच्या मुलाला, रणजीतला, दाराबाहेर सांगून गेली होती, "आईंनी घोटा हलवलाच नाही तर तो कायमचा आखडेल. मग जन्मभर काठी." रणजीतनं आईला विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. आप्पा त्या फंदात पडले नाहीत. त्यांनी उभा जन्म वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहिल्या होत्या. जे उचलवत नाही ते सरकवायचं, एवढी अक्कल पाठीनंच दिली होती.

राहीबाई पायाळू. जन्मताना आधी पाय आलेल्या. अशा माणसानं पाठीला लाथ लावली की भरलेली उसण निघते, हे साताऱ्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोपरखैरण्याला बैठ्या खोल्या होत्या तेव्हा मार्केटला निघालेले माथाडी आधी त्यांच्या ओट्यावर पालथे पडायचे. स्टोव्हवर चहा उकळत ठेवून, पदर खोचून, राहीबाई एकेकाला पाय लावत जायच्या. लाथेबरोबर बोलणी फुकट.

"मारोतीभावजी, गुडघ्यात बसून उचला म्हनलं तर कंबरंत वाकताय. भोगा आता."

"वहिनी, लाथ चालंल, बोलनं जरा हळू हाना."

आता त्या खोल्यांवर मजले चढले, मारोती गावी गेला आणि नवी पोरं मेडिकलमधून स्प्रे आणतात. लाथेला गिऱ्हाईक उरलं नाही.

"लई दुखतंय?" राहीबाईंनी विचारलं.

"श्वास घेता येईना."

राहीबाईंनी उशीवरून पाय काढला. भिंत धरून उठल्या. आप्पा एका डोळ्यानं फरशीलगत बघत होते. टाच टेकली, उचलली, पुन्हा टेकली. मग तो डावा पाय त्यांच्या कमरेवर आला आणि घोटा वाकला. पुढं, मागं. पुढं, मागं. सुनयना घसा कोरडा करून सांगायची, अगदी तसा.

आप्पांनी हसू बाहीत दाबलं.

"निघाली बघ. गुन हाय तुझ्या पायात आजून."

"पडून ऱ्हावा," राहीबाई म्हणाल्या. "त्या पोरीनं सांगितल्यातलं निम्मं बाकी हाय."

आप्पांचं हसू बाहीतच राहिलं. "म्हंजे कळलं व्हय तुला?"

राहीबाईंनी घोटा पुन्हा वाकवला. तोंड दुखऱ्या पायानं वाकडं झालं होतं, पण आवाज जुन्या ओट्यावरचाच होता.

"लगीन होऊन चार दिस झालं न्हवतं. पावन्यांनी घर भरल्यालं, आपल्याला बोलायलाबी सवड न्हाई, आन तुमास्नी उसण भरली. तवापास्नं खरी कुठली नि खोटी कुठली, माझ्या पायाला कळतंय. लाथ दोन्हीला सारखीच दिली."