खोऱ्यातली हवा

"तुमच्या लोकांनी युद्धाचे नियम पाळले, याला पुरावा काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

येसाजी भोईटे खाली मान घालून उभा होता. मंगळावरच्या त्या खोऱ्यावर पृथ्वीवरची दोन राष्ट्रं हक्क सांगत होती, आणि खोऱ्यातच राहणाऱ्या येसाजीच्या माणसांनी दोघांविरुद्धही बंदुका उचलल्या होत्या. कोर्टाने सैनिक मानलं तर ते युद्धकैदी म्हणून जगणार होते. दरोडेखोर ठरले, तर तीनशे माणसं फासावर जाणार होती.

"पुरावा नाही, साहेब," तो पुटपुटला.

"अहो, काहीतरी बोला की!" त्याच्या वकील धामणकरबाई हळूच करवादल्या.

तेवढ्यात सरकारी पक्षाची साक्षीदार, त्या दोनपैकी एका राष्ट्राच्या फौजेतली कॅप्टन ओल्गा, उठून उभी राहिली. "यांनी आमच्या ठाण्याला चाळीस दिवस वेढा घातला. आमच्या हवेची नळी यांच्याच पंपघरातून यायची. ती एकदाही बंद झाली नाही."

न्यायाधीश पुढे झुकले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

येसाजी गोंधळला. "यात सांगायचं काय, साहेब? भांडण झालं म्हणून शेजाऱ्याची हवा कुणी तोडतं का?"

निकाल संध्याकाळी लागला. "खोरं कुणाचं, हे ठरवणं या कोर्टाच्या हातात नाही. पण ही माणसं सैनिक आहेत."

मागच्या बाकांवरून एकच जल्लोष उठला. कॅप्टन ओल्गाने समोर येऊन कडक सलाम ठोकला. जन्मभर पंप चालवलेला येसाजी क्षणभर बावरला; मग छाती पुढे काढून त्यानेही ठोकला.