चौदा नावं सोडून

"चौदा नावं सोडायची," साहेब म्हणाले. "बाकीची सगळी नव्या यादीत उतरवायची."

उफराटीनं खुर्ची पुढे ओढली. डायलिसिस केंद्राच्या नोंदणी खोलीत पाच जणी काम करत आणि त्यांत हे नाव तिलाच पडलं होतं. खिडकी लाव म्हटलं, की ही सताड उघडायची. हळू बोल म्हटलं, की पार फाटकापर्यंत ऐकू जायचं. तोंडावर सगळे तिला त्याच नावानं हाक मारत आणि तिला त्याचं कौतुकच होतं.

समोर पडद्यावर दोन याद्या शेजारीशेजारी होत्या. डावीकडे आता बंद होणारं जुनं केंद्र, उजवीकडे गुरुवारी उघडणारं नवं. रकाने तेच आणि त्याच क्रमानं : नाव, वय, रक्तगट, घरच्यांचा फोन. ॲप साहेबांनीच केलेलं. ते करताना कोड लिहिण्याबिहिण्याची भानगड नव्हती. पडद्यावरची तयार खोकी ओढायची, एकमेकांना जोडायची, झालं. नाव निवडून 'उतरवा' दाबलं, की नोंद जशीच्या तशी उजवीकडे जायची, मशीनवरची पाळी ठरायची आणि पेशंटला निरोप जायचा.

"कुठली चौदा?"

"पंच्याहत्तरीच्या पुढची. संस्थेच्या अध्यक्षांचा हुकूम आहे. त्यांच्या ओळखीतल्या पेशंटांसाठी जागा हव्यात."

"आणि या म्हाताऱ्यांनी कुठं जायचं?"

"दुसरं केंद्र आहे की."

"तीन तास बसनं! आठवड्यातून तीनदा! पोचतील तरी का जिवंत?"

साहेब पंख्याकडे बघत राहिले.

"एवढंच होतं, तर ॲपमध्येच वयाची अट घालायची," ती म्हणाली. "एका खोक्याचं काम."

"मला नाही जमलं ते."

"अख्खं ॲप जमलं आणि एक खोकं जमलं नाही?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, वाद नको. नीट ऐका. 'सगळी निवडा' असं एक बटण आहे. ते चुकूनही दाबू नका. नव्या यादीतून नाव पुसायची सोय मी अजून जोडलेली नाही. एकदा गेलं ते गेलं." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "उजव्या कोपऱ्यात आहे. निळं. अजिबात दाबायचं नाही."

"शेपूटघालू," ते गेल्यावर ती म्हणाली. शेजारणीनं तोंडाला पदर लावला.

चौदांत शिंपीआजोबा होते. उफराटी उठली आणि मशीनच्या दालनात गेली. आजोबा हाताला नळ्या लावून पडले होते आणि नेहमीसारखी देवाची गोष्ट सांगत होते. मध्येच सूर धरायचे, मध्येच थांबून कुणाची तरी फिरकी घ्यायचे. आजूबाजूचे पेशंट दुखणं विसरून ऐकत होते.

"या, बाई! उशीर केलात. देव दारात येऊन उभा राहिलाय आणि आतला माणूस कडी काढत नाहीये."

"का काढत नाही?"

"घाबरतो हो. दार उघडलं तर घरचा मालक काय म्हणेल!"

"मग काढतो का शेवटी?"

"ते गुरुवारी. नव्या जागेत." आजोबा हसले. "अर्धी गोष्ट हातात ठेवली, की माणूस पुढच्या पाळीला येतो. मीसुद्धा."

ती जागेवर परत आली ती दाणदाण पाय आपटत.

"अगं, नोकरी जाईल," शेजारीण कुजबुजली.

"जाऊ दे. हुकूम त्यांचा असेल, हात माझा आहे."

तिनं निळं बटण दाबलं. मग 'उतरवा'. डावीकडचं गाव उठून उजवीकडे राहायला गेलं. एकही माणूस मागे राहिला नाही.

गुरुवारी नव्या केंद्राच्या दारात पाहुणे होते, पत्रकार होते. अध्यक्ष फीत कापून वळले, तोच समोर चौदा म्हातारे, हातात निरोप आलेले फोन. शिंपीआजोबांनी अध्यक्षांचे दोन्ही हात धरले. "देवमाणूस आहात! आम्हाला टाकलं नाहीत." कॅमेरे चमकले. अध्यक्ष हसले, दाढदुखीत माणूस हसतो तसे.

थोड्या वेळानं साहेब आणि उफराटीला साहेबांच्या खोलीत घेऊन अध्यक्षांनी दार धाडकन लावलं.

"कुणी केलं हे?"

"मी," उफराटी म्हणाली. "डोळे उघडे ठेवून केलं. पुन्हा बसवलंत तर पुन्हा करीन."

"नावं काढा आत्ताच्या आत्ता!"

"पुसायची सोय नाही, सर," साहेब खाली मान घालून म्हणाले. "जोडतो. पण निरोप गेलेत. आणि उद्या तुमचा फोटो छापून येईल."

"तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?"

"दोनदा सांगितलं, सर. सगळ्यांदेखत."

बाहेरून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, तसे अध्यक्ष चेहरा नीट करत निघून गेले.

"मला काढून टाकायचं तर टाका," उफराटी म्हणाली. "पण एक ऐकून घ्या. चौदा जिवांचा प्रश्न होता आणि तुम्ही 'हो सर, हो सर' करत बसलात. लाज वाटायला हवी."

पलीकडच्या दालनातून शिंपीआजोबांचा सूर येत होता. साहेबांनी तिकडे कान दिला.

"आणि माझा स्वभाव अख्ख्या केंद्राला ठाऊक," ती दाराशी जाऊन वळली. "मग हे काम माझ्याच गळ्यात का मारलंत? त्या चौघी होत्या की!"

साहेबांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसायला घेतला.

"होत्या. पण त्या सांगितलेलं ऐकतात."