बांधलेले हात

"मामा, बांधा यांचे हात. आता माझ्याने होत नाही."

सिस्टरने असं म्हटल्यावर वॉर्डातल्या मामांनी बँडेजची पट्टी उलगडली. खिडकीजवळच्या खाटेवरच्या सुताराने ऑक्सिजनचा मास्क पुन्हा ओढून काढला होता. या वेळी तर तो मास्क हातात घेऊन खाटेवरून खाली उतरला होता. दोघांनी त्याला धरून आडवं केलं, मनगटं खाटेच्या दांड्यांना बांधली आणि मास्क चढवला. सुतार घशातून आवाज काढत राहिला. तो जन्मापासून बहिरा होता. त्याच्या आवाजाला शब्द नव्हते.

सिस्टर दुष्ट नव्हती. साथ अशी पसरली होती की सोबतच्या सिस्टरच आजारी पडून शेजारच्या वॉर्डात झोपल्या होत्या. हिच्या एकटीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड. प्लास्टिकच्या त्या पोशाखात घामाच्या धारा लागायच्या आणि दुपारपर्यंत नाकी नऊ यायचे. प्रत्येक खाटेपाशी थांबायला वेळ कुठला? ती दारातूनच भिंतीवरच्या बाटल्यांकडे बघायची. ऑक्सिजन त्या बाटलीतल्या पाण्यातून येतो. पाण्यात बुडबुडे दिसले की समजायचं, चालू आहे. चला पुढे. त्या दिवसांत सगळेच असं करत होते.

सुताराच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. फार गुणी पेशंट. पाणीसुद्धा मागायचे नाहीत. आज जेवणानंतर भिंतीकडे तोंड करून, पांघरूण ओढून शांत पडले होते.

"जरा गुरुजींकडून शिका," सिस्टर सुताराला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आपण कुणाला सांगतोय. एरवी तो समोरच्याचे ओठ बघून निम्मं समजून घ्यायचा म्हणे. पण आता सगळ्यांचेच ओठ झाकलेले. त्याच्यासाठी सगळं हॉस्पिटलच मुकं झालं होतं.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर कुणीतरी जोरात थाप मारली.

सुताराची मुलगी होती. बापाला दाखल केल्यापासून ती रोज फाटकावर येत होती. अपंग रुग्णाजवळ घरचं एक माणूस राहू द्यावं, असा सरकारी आदेश निघाला होता. तो फाटकाच्या भिंतीवर चिकटवलेलाही होता. त्याच्याच खाली खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी तिला रोज सांगायचा, "ताई, ते सरकारचं. मला आमच्या साहेबांनी काही सांगितलेलं नाही." आज ती त्याची नजर चुकवून मागच्या बाजूने आली होती. खिडकीची वरची झडप हवेसाठी उघडी होती, त्यामुळे तिचा आवाज आत येत होता.

"सिस्टर, हात सोडा त्यांचे!"

"अगं, ते मास्क काढतात. त्यांच्याच भल्यासाठी बांधलेत. उद्या काही झालं तर तूच मला जाब विचारशील."

"हात नाही बांधलेत तुम्ही," मुलगी म्हणाली. "तोंड बांधलंय. बाबा हातांनी बोलतात."

सिस्टर खाटेकडे वळली. हा माणूस बहिरा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कसा बोलतो, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. पट्टीबाहेर त्याची बोटं वळवळत होती. मघाशी तिला ती नुसती झटापट वाटली होती. तिला स्वतःची लाज वाटली. गाठ सुटेना, तेव्हा तिने कात्रीने पट्टी कापली.

सुताराने मुलीला नीट पाहूनही घेतलं नाही. त्याचे हात सपासप चालू लागले. मुलीच्या कपाळाला आठी पडली. तिने हातांनीच काहीतरी विचारलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं आणि शेजारच्या खाटेकडे बोट केलं.

"काय म्हणतात? कुठे दुखतंय का?" सिस्टरने विचारलं.

"त्या आजोबांची नळी सुटलीय म्हणतात. कूस बदलताना सुटली."

सिस्टरने सवयीने भिंतीकडे पाहिलं. बाटलीत बुडबुडे येत होते. 'चालू आहे की,' असं ती म्हणणारच होती. तरी तिने पांघरूण दूर केलं.

नळीचं टोक गादीवर पडलं होतं. ऑक्सिजन गादीला मिळत होता. गुरुजींचे ओठ निळे पडले होते.

"मामा, डॉक्टरांना बोलवा! पळा!"

तिने नळी जोडली, ऑक्सिजन पूर्ण सोडला, गुरुजींना पाठीमागून उचलून बसतं केलं. बराच वेळ काही झालं नाही. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं "गुरुजी, गुरुजी" म्हणत राहिली. डॉक्टर धावत आत आले, तेव्हा कुठे त्यांची छाती हलली. थांबली. पुन्हा हलली. मग श्वास हळूहळू सुरळीत झाला.

गुरुजींना उशीला टेकवून सिस्टरने सुताराकडे पाहिलं. त्याचे हात अजून चालत होते, पण आता सावकाश. आणि आता तो मुलीकडे नाही, सिस्टरकडे बघत होता.

"आता काय म्हणतात गं?"

खिडकीबाहेर मुलीने बाहीने डोळे पुसले.

"रागावू नका म्हणतात. नळी कशी जोडायची ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून माझाच मास्क त्यांना लावायला निघालो होतो."