कुठं अडतं

इंद्रायणीने लॅपटॉप उघडला आणि आधी त्याची स्क्रीन काळी करून टाकली.

“उजेड माझ्या काही कामाचा नाही,” ती म्हणाली. “उगाच बॅटरी खातो.”

यशवंतराव समोर बसले होते. तळवड्यातल्या गोदामाच्या माळ्यावरचं हे त्यांचं ऑफिस. खाली चपला-बुटांची खोकी, वर त्यांची मुलगी दिव्या वेबसाइट सांभाळायची. विक्री सगळी ऑनलाइन. वेबसाइटवर एक नवं पान टाकायचं दिव्याने मनावर घेतलं होतं. डोळ्यांनी, हातांनी अधू असलेल्या माणसांना आपल्याकडे खरेदी करता येते का, हे सांगणारं. पान लिहून तयार होतं, पण आधी कुणी जाणत्याने तपासावं म्हणून तिने इंद्रायणीला बोलावलं होतं. इंद्रायणी जन्मापासून अंध, आणि वेबसाइटी तपासणं हेच तिचं काम.

लॅपटॉप बोलायला लागला, वेबसाइटवरचं एकेक तिला वाचून दाखवायला. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. यशवंतरावांना एक शब्द सुटा ऐकू येईना. इंद्रायणीची बोटं मात्र त्या आवाजाच्याही पुढे पळत होती.

“हे तुम्हाला कळतंय?”

“हळू करते तुमच्यासाठी, काका.”

आवाज माणसात आला. “बटण,” लॅपटॉप म्हणाला. “बटण. बटण. बटण.”

“हे काय म्हणतोय तो?”

“तुमचे चपलांचे नंबर. तुम्हाला प्रत्येक चौकोनात आकडा दिसत असेल. मला नुसतं बटण.”

“मग नंबर निवडता कसा?”

“मोजून. पहिलं पाच धरलं, तर तिसरं सात. मधला एखादा नंबर संपलेला असला की फसते.” ती हसली. “माझ्या मापाच्या नसलेल्या चपला घरात बऱ्याच आहेत.”

तिने पुन्हा आवाज पळवला. पाऊण तास तिची बोटं चालत राहिली. मग हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “बायकांच्या चपला एकशे बारा. त्यातल्या एकेचाळीस फोटोंना नाव नाही. लाल की काळी, टाच आहे की सपाट, काही कळत नाही. पैसे भरताना चित्रांचं कोडं येतं, सिग्नल असलेले फोटो निवडा म्हणून. तिथं मी थांबते. शेजारणीला हाक मारते.”

दिव्याने आपल्या कॉम्प्युटरवर यादी काढून पाहिली. एकशे बारा. बिननावाचे फोटो एकेचाळीस.

यशवंतराव त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले. दुकान त्यांचं, एकेक खोकं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आणि ही मुलगी खुर्चीतून न उठता, अंधारात, कानाकोपरा हिंडून आली होती. कुठं काय ठेवलंय आणि कुठं ठेच लागते, सगळं तोंडपाठ.

“आता ते पान,” इंद्रायणी म्हणाली.

पानावर पहिलंच वाक्य होतं, ‘आमची वेबसाइट सर्वांना सहज वापरता येते.’ इंद्रायणीने ते दोनदा ऐकलं.

“हे कुणी लिहिलं?”

“दुसऱ्या एका दुकानाच्या पानावरून घेतलं,” दिव्या हळूच म्हणाली.

“त्यांनीही कुठून तरी घेतलं असेल. सगळीकडे हेच आहे. मला आता पाठ झालंय.” मग ती यशवंतरावांच्या दिशेला वळली. “त्यापेक्षा कुठं अडतं ते लिहा. दुरुस्त कधी होईल ते लिहा. तोवर फोन कोण उचलणार, त्याचं नाव लिहा.”

“आपल्या दुकानातली खोट आपणच पाटीवर लिहायची?”

“खोट मला कळतेच, काका. फक्त आत शिरून, अर्धा तास घालवून कळते. तुम्ही आधी सांगितलंत तर तो अर्धा तास माझा राहील.”

खाली गोदामात चिकटपट्टी ओढल्याचा कर्र आवाज येत होता. तो थांबला, पुन्हा आला.

“पुसून टाक ते वाक्य,” ते दिव्याला म्हणाले. “या सांगतील तसं लिही.”

अकरा ओळी झाल्या. अकरा ठिकाणी अडत होतं. शेवटी दिव्याने विचारलं, “फोनसाठी नाव कुणाचं टाकू?”

“माझं.”

पान वेबसाइटवर गेलं. इंद्रायणीने ते ऐकलं आणि आपल्या अंध मित्रमंडळींच्या ग्रुपवर पाठवलं. चहा आला. तिचा कप अर्धा झाला असेल नसेल, तोच यशवंतरावांचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

“यशवंतराव बोलताय का?”

“बोलतोय.”

“मी निघोज्याहून धम्मपाल. ते पान आत्ता ऐकलं. म्हटलं, खरंच फोन उचलतात का बघावं.” पलीकडचा माणूस थोडा हसला. “तुमच्या दुकानात बऱ्याचदा आलोय हो मी. दिवाळीपासून पाच-सहा वेळा तरी. नंबरापाशी येतो आन् माघारी जातो. काळा बूट पाहिजे होता, नऊ नंबरचा.”

यशवंतराव उठून उभे राहिले.

“या,” ते म्हणाले. “या ना.”

आणि मोकळ्या हाताने त्यांनी समोरची रिकामी खुर्ची जरा पुढे ओढली.