कोपऱ्यातली बाटली

रबरी चेंडू धप्पकन भिंतीवर आदळला आणि भाग्यश्रीच्या मांडीवर नुकतंच निजलेलं बाळ दचकलं. रविवारी कंपनीची बोलिंगची, म्हणजे चेंडूने दहा बाटल्या पाडायची स्पर्धा, म्हणून तिच्या नवऱ्याने, प्रफुल्लसाहेबांनी, पॅसेजमध्ये दहा रिकाम्या बाटल्या मांडल्या होत्या. नऊ पडायच्या. उजव्या कोपऱ्यातली मात्र पंधरा दिवस त्यांना वाकुल्या दाखवत उभी होती.

"डावीकडे उभे राहा, तिरका सोडा," बाळाला थोपटत ती म्हणाली. "आणि नजर बाटलीवरून हलवू नका."

"तुला काय कळतं गं यातलं? भाकरी थापायची हाय काय?"

पाणी प्यायच्या निमित्ताने साहेब आत गेले, येताना हळूच डावीकडे सरकले आणि चेंडू तिरका सोडला. बाटली आडवी!

"बघितलंस? याला टेक्निक म्हणतात. डोकं लागतं!"

"लागतं ना. कुणाचं, ते नाय विचारत."

पप्पांना बक्षीस द्यायला सहा वर्षांच्या रिद्धीने बाल्कनीतल्या जुन्या ट्रॉफीतले कपड्यांचे चिमटे ओतून टाकले, आणि तिच्यावरची अक्षरं बोट फिरवत वाचली, "बोलिंग... पहिला नंबर... भाग्यश्री."

मग ती आईकडे वळली.

"आई, ट्रॉफी तुझी हाय, तर खेळायला पप्पा का जातात?"