म्हाताऱ्या इंजिनाची ताकद

बायकोचा भाऊ वेंडेल गेल्या वर्षी जुन्या ट्रॅक्टरांची ओझं ओढायची शर्यत जिंकला, तेव्हापासून डेलमरला अन्न गोड लागत नव्हतं. आयोवाचा अख्खा हिवाळा त्यानं इंजिनात घातला. सिलिंडर मोठे करून घेतले, नवे पिस्टन बसवले. आज जत्रेत त्याच्या सत्तर वर्षांच्या ट्रॅक्टरनं वजनाची गाडी शेवटच्या रेषेपर्यंत फरफटत नेली.

पंचानं लाल निशाण दाखवलं.

"बाद. वेग जास्त झाला, डेलमर. माणसाच्या चालीनंच ओढायचं, असा नियम आहे."

"कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

वेंडेल मक्याचं कणीस खात कुंपणाला टेकला होता.

 

"तुम्हीच, दाजी. मी जिंकल्यावर क्लबच्या बैठकीत तुम्हीच मांडलात. मी तर विरोधात हात वर केला होता."